साठ कोटी वर्षं न हललेला मणी

माझी आत्या माश्या पाळते. लहानपणी मी हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळी पोरं खिदळली, आणि मला सावरून घ्यायला बाईंनी विचारलं, "मधमाश्या का गं?" मी म्हटलं, नाही, साध्या. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ना, ती चिलटं. घरी आल्यावर मी आत्याशी कडाकडा भांडले, की तुला पाळायला दुसरं काही मिळालं नाही का? आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "उद्या सांग त्यांना, माझ्या आत्याकडे लाखभर माश्या आहेत आणि त्यातली एकेक माशी तुमच्या अख्ख्या वर्गापेक्षा कामाची आहे." मी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावणं आलं.

विनय नावाची गोष्ट आत्याच्या वाट्याला आलीच नाही. बुटकी, रुंद, केसांचा अंबाडा पेन्सिलीने खोचलेला, आणि आवाज असा की शेजारच्यांना आपलं नाव घेतलं की काय असं वाटावं. लॅबमध्ये पंखे सतत घरघरत असतात, त्यामुळे ओरडूनच बोलायची सवय लागली, असं ती सांगते. बाबा म्हणायचे, ही पाळण्यातही अशीच बोलायची. कोणाच्याही घरी गेली की माणसांच्या आधी ती फळांची टोपली बघते. "तुमच्याकडची चिलटं धडधाकट आहेत हं," असं ती यजमानांना तोंडभरून सांगते आणि यजमान कसनुसं हसतात.

ती माशीच्या डोळ्यांवर काम करायची. म्हणजे डोळा कसा घडतो, त्यात रंग कुठून येतो, असलं. मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. मी विजेच्या खात्यात तारांवर काम करते. खांबावर चढायचं, पट्टा अडकवायचा, वरून गाव बघत जोडणी करायची. मला उंची आवडते, आणि जे हाताला लागतं ते आवडतं. माझ्या मते आत्याचं काम म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींमागे धावणं होतं.

मग बाबांचे हात वर जाईनासे झाले. बाबा गवंडी. आधी थापी खांद्याच्या वर उचलेना, मग जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागायला लागलं, आणि मग एक दिवस ते कामावरून आले ते पुन्हा गेलेच नाहीत. डॉक्टर बदलून झाले, तेलं चोळून झाली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. स्नायूंच्या एका प्रोटीनच्या जीनमध्ये एक बारीकसा बदल सापडला. रिपोर्टात खाली लिहिलं होतं की या बदलाचा अर्थ आज सांगता येत नाही. याआधी हा बदल कुठे कोणाच्या रक्तात दिसलेलाच नव्हता, त्यामुळे तो आजाराचं कारण आहे की नुसताच वाटसरू, हे सांगायला कोणी तयार नव्हतं.

माझं रक्त तपासलं. तोच बदल. आत्याचं तपासलं. तिच्यात नव्हता. याचा तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती, जणू लहानपणी भावाच्या ताटातलं काही हिने आधीच उचललं होतं. मग एक दिवस ती तरातरा आली आणि चपला न काढताच म्हणाली, "मी डोळे सोडले. आता मी तुझ्या बापाच्या प्रोटीनवर काम करणार." तिच्या सरांना तिने हे विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. सर समजूतदार असावेत, किंवा घाबरट.

बाबा गवंडी असल्यामुळे आमच्या घरात हे प्रोटीन समजावणं सोपं गेलं. आत्या म्हणाली, "दादा, परांची कशी बांधता? बांबू उभे, बांबू आडवे, आणि जिथे ते एकमेकांवरून जातात तिथे दोरी. पेशीच्या आतसुद्धा अशीच परांची असते. तिचे बांबू म्हणजे अ‍ॅक्टिनचे धागे. आणि त्यांना जागेवर धरणारी जी दोरीची गाठ, ते आपलं प्रोटीन. गाठ ढिली असली तर परांची लगेच पडत नाही. माणसं चढतात, उतरतात, वर्षं जातात, आणि मग एक दिवस करकरायला लागते." बाबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या प्रोटीनचं नाव 'गाठ' पडलं.

"पण माश्यांचा काय संबंध?" मी विचारलं. "आपण कुठे, चिलट कुठे."

हा प्रश्न आत्याला विचारणं म्हणजे वळूला लाल फडकं दाखवणं. तिने आईच्या तुटलेल्या माळांचा डबा मागवला आणि टेबलावर मण्यांच्या ओळी मांडायला सुरुवात केली. एक ओळ माशीची, एक माशाची, एक बेडकाची, एक कोंबडीची, एक माणसाची. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळच असते, ती सांगत होती. माशीचे आणि आपले पूर्वज साठ कोटी वर्षांपूर्वी, थोडं इकडे-तिकडे, वेगळ्या वाटांना लागले. तेव्हापासून पंख आले, हाडं आली, शेपट्या गळल्या, पण परांचीला फारसा कोणी हात लावला नाही. अ‍ॅक्टिन तर जवळजवळ जसंच्या तसं आहे. गाठीत पुष्कळ मणी बदलले, पण काही जागा अशा की तिथे सगळ्यांचा एकच मणी.

"कारण काय?" तिने स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "ज्या कोणाचा तिथला मणी बदलला, त्याचा वंश पुढे आलाच नाही. जे मोडलं ते गेलं. उरलं ते सारखं."

मग तिने प्रत्येक ओळीत एका ठरावीक जागी पांढरा मणी ठेवला. माशी, मासा, बेडूक, कोंबडी, माणूस. पाच पांढरे मणी, एकाखाली एक. आणि सगळ्यात खाली बाबांची आणि माझी ओळ. त्यात त्या जागी तिने काळा मणी ठेवला.

बाबा वाकून त्या मण्याकडे बघू लागले.

"साठ कोटी वर्षं जो मणी कोणी हलवला नाही," आत्या अखेर म्हणाली, "तो नेमका आमच्या दादाने हलवला."

"गवंडी आहे मी," बाबा म्हणाले. "दगड हलवणं हेच माझं काम." आई हसता हसता रडली आणि आत जाऊन भांडी आपटत बसली.

तर संशय होता, पण पुरावा नव्हता. आणि मला पुरावा हवा होता, तोही लवकर. आमच्या फोरमनने मला उंच मनोऱ्यांच्या तुकडीत घ्यायचं ठरवलं होतं. डोंगरावरून डोंगरावर तारा नेणारे ते मनोरे, ज्यांच्या टोकावर उभं राहिलं की पाखरं खाली दिसतात. त्या तुकडीत एकही बाई नव्हती. त्यासाठी मी वर्षानुवर्षं राबले होते. पण तिथे गेलं की दहा वर्षं तरी त्यातच काढायची, आणि काळा मणी दोषी असेल तर माझ्या हातांचं पुढे काय होणार हे मी घरात रोज बघतच होते. फोरमन हो की नाही विचारत होता. मी त्याला झुलवत ठेवलं आणि सगळा भार आत्याच्या चिलटांवर टाकला.

आत्याचा डाव ऐकायला सोपा होता. ज्या माश्यांची स्वतःची गाठ काढून टाकली आहे, त्या उडू शकत नाहीत. अशा माश्यांचे तीन गट करायचे. पहिल्या गटाला काहीच द्यायचं नाही. दुसऱ्याला माणसाच्या निरोगी गाठीचा जीन द्यायचा. तिसऱ्याला बाबांच्या गाठीचा, काळ्या मण्यासकट. मग बघायचं, कोण उडतं.

"माणसाचा भाग माशीला बसेल?" मी विचारलं.

"बसला," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला तिचा हेवा वाटला. "दुसऱ्या गटाची चाचणी आधीच घेऊन बघितली. उडतात गं! साठ कोटी वर्षांनी सुटा भाग काढून बसवला आणि बसला. तुझ्या खात्यात मागच्या वर्षीचा फ्यूज बसत नाही."

हे मात्र खरं होतं.

माश्या उडतात की नाही हे बघायची रीत मला फार आवडली. काचेचं एक उंच नळकांडं, आतून तेल लावलेलं. वरून माश्या सोडायच्या. जिला उडता येतं ती पडता पडता सावरते आणि वरच्या भागातच काचेला चिकटते. जिला येत नाही ती थेट तळाशी. कोण किती उंचीवर चिकटलं ते मोजलं की झालं. आणि मोजणाऱ्याला कोणत्या कुपीत कोणता गट आहे हे सांगायचं नाही, म्हणजे मन बोटांना ढकलणार नाही. कुप्यांवर खुणा घालायचं काम आत्याची सहकारीण करायची, जिला सगळी लॅब कडक मॅडम म्हणते. आत्या आणि तिचं एरवी पटत नाही. म्हणूनच आत्याने तिला निवडलं होतं.

आणि एक दिवस मी खांबावर असतानाच फोन आला. "उडाल्या!" आत्या किंचाळत होती. "काळ्या मण्यावाल्या उडाल्या! मणी निर्दोष आहे!" मी वरूनच असा आरडाओरडा केला की खालचे दोघे शिडी सोडून पळाले. त्याच दिवशी मी फोरमनला हो म्हणून टाकलं. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. बाबांच्या आजाराचं कारण मग दुसरंच काही असणार होतं, आणि तेही माझ्यात असण्याची शक्यता निम्मी होती, पण निम्मी म्हणजे निम्मी. निम्म्यावर माणूस जगू शकतो.

आठवडा संपायच्या आत आत्या घरी आली. या वेळी चपला काढल्या, एका बाजूला नीट ठेवल्या, आणि तेव्हाच मी ओळखलं.

"चुकले," ती म्हणाली. "मी चुकले. तो निकाल खोटा आहे."

झालं होतं असं. काळ्या मण्यावाल्या माश्या नुसत्या उडाल्या नव्हत्या, निरोगी जीनवाल्यांपेक्षाही उंच गेल्या होत्या. पहिल्या आनंदात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पण आत्याला ते खुपत राहिलं. उसना भाग लावलेली माशी उसन्यासारखीच उडायला हवी. ही तर बागेत जन्मल्यासारखी उडत होती. तिने तेलात चिकटलेल्या माश्या पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतल्या. ज्या माशीत बाहेरचा जीन घातलेला असतो तिचे डोळे केशरी असतात, ती खूणच असते. यांचे विटकरी लाल होते. म्हणजे या आमच्या माश्याच नव्हत्या. लॅबमध्ये नेहमीच दोन-चार उनाड माश्या फिरत असतात, त्यातला एक नर कुपीत शिरला होता, आणि ही सगळी त्याची धडधाकट प्रजा होती.

"पण शिरला कसा?" बाबांनी विचारलं.

"कापसाचा बोळा सैल बसला असणार." आत्या बाबांकडे न बघता बोलत होती. "तुम्ही न्हाणीघरात पडलात तो दिवस. फोन आला आणि मी हातातलं टाकून धावले. आणि दादा, माशी निवडायच्या दोन खुणा असतात, पंख आणि डोळे. पंख बघून मी त्यांना निवडलं, डोळे नीट बघितलेच नाहीत. म्हातारपणी केशरी डोळे लालसर दिसतात, असंच असेल म्हटलं. आयुष्यभर माशीचे डोळे बघितले मी."

मी तिच्यावर ओरडले. खूप ओरडले. मी म्हटलं, माझा आनंद असा उसना देऊन परत न्यायला तुला काय अधिकार होता? फोरमनला मी हो म्हटलंय, आता काय सांगू, माझ्या आत्याच्या कुपीत एक मवाली शिरला होता? मी म्हटलं, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं! आणि तोंडातून हे निघालं तशी मीच गप्प झाले. जाताना आत्या एवढंच म्हणाली, "पुन्हा करते. या वेळी तू तिथे ये."

मी गेले. माश्या वाढून तयार व्हायला लागतात तेवढे दिवस फोरमनने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लॅब म्हणजे आंबूस वासाची एक उबदार खोली होती, भिंतीभर कुप्या, प्रत्येकीत खळीसारखं काहीतरी खाणं आणि वर पांढरा बोळा. आत्याने या खेपेला प्रत्येक बोळा स्वतः दाबला होता आणि कडक मॅडमने तिच्यामागून पुन्हा दाबला होता. डोळे दोघींनी पाहिले होते. तिन्ही कुप्या माझ्यासमोर टेबलावर होत्या. पहिली, दुसरी, तिसरी, बाकी काही लिहिलेलं नाही.

पहिली कुपी नळकांड्यावर उपडी झाली. माश्या खाली गेल्या. वाळू ओतावी तशा सरळ तळाशी.

दुसरी उपडी झाली. माश्या निम्म्यात सावरल्या, पसरल्या, आणि वरच्या काचेवर ठिपक्याठिपक्यांनी चिकटल्या. फार उंच नाही, पण उडाल्या.

तिसरी उपडी करण्याआधी आत्या थांबली. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या आणि खोलीतल्या तिघींनाही त्या ठाऊक होत्या. याही उडाल्या तर मी सुटले. तिने कुपी उपडी केली.

त्या पडल्या. सगळ्या नाही, तीन-चार काचेच्या मध्यावर अडखळून चिकटल्या. बाकीच्या तळाशी जाऊन पाय झाडत राहिल्या. कडक मॅडमने कोणती कुपी कुठली ते सांगायला तोंड उघडलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. तीनपैकी दोन कुप्यांतल्या माश्या पडल्यावर सांगायचं काही उरतच नाही.

आत्या स्टुलावर बसली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मोठ्याने बोलणारी माणसं रडतात मात्र अगदी हळू. "पहिल्यांदा मी प्रयोगाकडे काहीतरी मागितलं होतं गं," ती म्हणाली. "आजवर कधी मागितलं नाही. म्हटलं, एकदा तरी देईल."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. माझे दोन्ही हात माझ्याच मांडीवर होते आणि मी त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाचे असावेत तसं बघत होते. पण वर चढणाऱ्या माणसाची एक सवय असते, भीती वाटली की तो पुढची पकड शोधतो.

"या माश्या किती म्हाताऱ्या?" मी विचारलं.

"उतारवयाच्या," कडक मॅडम म्हणाली. "मुद्दाम. हा आजार उतारवयात दिसतो म्हणून."

"आणि तरुण?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्याच काळ्या मण्याच्या, नुकत्याच बाहेर पडलेल्या माश्यांची एक कुपी होती. आत्याने नाक पुसलं, उठली, कुपी उपडी केली. त्या उडाल्या. वरच्या काचेपर्यंत, भराभरा.

"हे वर्षांत मोजू नकोस," आत्याने ताबडतोब बजावलं. "माशीचे दिवस म्हणजे तुझी किती वर्षं, हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही."

"नाही विचारत. दुसरं विचारते. या उडाल्या असत्या, तिसऱ्या कुपीतल्या, तर तू उद्या काय केलं असतंस?"

"काय करणार? दुसरं कारण शोधत बसले असते. कुठे शोधायचं तेही कळलं नसतं."

"आणि आता?"

तळाशी पडलेल्या, पाय झाडणाऱ्या माश्यांकडे तिने वाकून पाहिलं, आणि मला तिचा तो जुना चेहरा दिसायला लागला, शाळेतल्या पोरांना पुरून उरणारा. "आता माझ्याकडे तुमची गाठ असलेली माशी आहे," ती सावकाश म्हणाली. "पडणारी माशी. हिच्या खाण्यात एकेक औषध मिसळून बघता येईल. कशाने ती पडायची थांबते, ते."

"मग मिसळ की. बसलीस काय?"

घरी बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. "उडाल्या?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे. हे नाकही तुमच्यामुळेच आहे, त्याची कधी माफी मागितलीत?"

बाबा हसले. मग त्यांचा तो न उचलणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मनोऱ्यांचं काय करणार, असं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

फोरमनला मी सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ कान खाजवत राहिला आणि म्हणाला की दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणायची, आणि ज्या दिवशी हात कुरकुरतील त्या दिवशी पहिल्यांदा त्याला सांगायचं, घरच्यांच्याही आधी. मी कबूल केलं. आता मी त्या तुकडीत आहे. पाखरं खरंच खाली दिसतात.

आत्याचं निवृत्तीचं वय झालं होतं. तिने सरांना कळवलं की ती जाणार नाही. विचारलं नाहीच. कडक मॅडम आता तिच्यासोबतच काम करते आणि दोघी दिवसभर भांडतात. बरीच औषधं करून झाली. रोज संध्याकाळी मी मनोऱ्यावरून उतरून पट्टा सोडते तेव्हा आत्याचा फोन येतो. ती नमस्कार-चमत्कार काही करत नाही. "आजही पडल्या," ती म्हणते. मी म्हणते, "आजही चढले." मग ती मला औषधाचं नाव सांगते, जे मला कळत नाही, आणि मी तिला मनोऱ्याची उंची सांगते, जी ऐकून ती शिव्या घालते.

तिच्या माश्या आधी उडतात की माझे हात आधी थांबतात, यावर आमची पैज आहे. आत्याला हरायची सवय नाही. तिच्याशी मी आयुष्यभर भांडले, पत्त्यांत तिला हरवायला लबाड्या केल्या, पण या एका पैजेत तिनेच जिंकावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले आहे.